जुनी काळ्या दारूची रायफल चालवायची असेल तर आधी नळी मोजा

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. हाती आलेली मार्टिनी-हेन्री चालवता येईल का. तिच्यात आजची धूरविरहित दारू, प्रमाण कमी करून, वापरली तर चालेल का. आणि नियमित नेमबाजीसाठी त्याच काळातली दुसरी रायफल घ्यायची झाली तर कोणती घ्यावी. मधल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे, तेव्हा ते आधी देऊन टाकतो: नाही. उरलेल्या दोन्हींसाठी थोडं बसून बोलावं लागेल.

पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८८४ साली धूरविरहित दारू तयार केली आणि १८८६ ची लेबेल ही ती दारू वापरणारी पहिली लष्करी रायफल. मार्टिनी-हेन्री ब्रिटिश सैन्याने स्वीकारली १८७१ साली. म्हणजे तिची नळी, तिचा ब्लॉक (नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा), तिचं पोलाद हे सगळं काळ्या दारूचा, म्हणजे त्याआधीच्या पारंपरिक बंदुकीच्या दारूचा, दाब गृहीत धरून ठरलेलं आहे. 'कमी प्रमाणात घातली तर' या युक्तिवादातली खरी गोम पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या, आकारात आहे. मार्टिनीची पुंगळी प्रचंड मोठी असते. काळी दारू भरली की ती गोळीच्या बुडापर्यंत भरते, त्यामुळे चुकून दुप्पट माप पडायला जागाच उरत नाही. धूरविरहित दारूचं माप एवढंसं असतं. पुंगळी बरीचशी रिकामी राहते, दारू कधी मागे साचते, कधी पुढे सरकते आणि दाब प्रत्येक वेळी वेगळा येतो. त्याच रिकाम्या जागेत दुसरं माप पडलं तर वरून पाहून कळतही नाही. काही अनुभवी लोक ठरावीक दारू आणि फिलर (रिकामी जागा भरणारं साहित्य) वापरून हा प्रयोग करतात, हे मला माहीत आहे. दीडशे वर्षं जुन्या रायफलीवर तो करू नये, असं माझं ठाम मत आहे. चेहरा ब्लॉकपासून फार तर वीतभर अंतरावर असतो.

आता पहिला प्रश्न. रायफल हातात आली की सगळ्यात आधी ती भरलेली नाही ना हे पाहा. हे बजावून सांगतो, कारण जुन्या हत्यारात अडकून राहिलेलं काडतूस सापडणं नवलाचं नाही. लिव्हर खाली करा, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी पाहा, मग तोंडाकडून लाकडी किंवा पितळी गज घालून तो ब्लॉकपर्यंत मोकळा जातो का ते बघा.

नंतरचा प्रश्न: ती खरी मार्टिनी आहे का? खैबर खिंडीच्या परिसरातल्या कारखान्यांत या रायफलीच्या असंख्य नकला हाताने घडवल्या गेल्या. काही दिसायला इतक्या हुबेहूब असतात की नवखा माणूस फसतोच. अॅक्शनच्या, म्हणजे नळीमागच्या यंत्रणेच्या, उजव्या बाजूचा मजकूर भिंगाखाली धरा. कारखान्यात ठशाने उमटवलेली अक्षरं एका खोलीची आणि एका ओळीत असतात. नकलेत ती छिन्नीने कोरलेली, वरखाली, कधी इंग्रजी 'एन' उलटा, कधी 'एनफिल्ड'चं स्पेलिंग चुकलेलं. मुकुटाखाली 'व्ही. आर.' ही व्हिक्टोरिया राणीची अक्षरं आणि त्याखालचं साल १९०१ नंतरचं असेल तर विषय तिथेच संपला, कारण राणी १९०१ च्या जानेवारीत वारली. खैबरची नक्कल भिंतीवर लावा, तिचा इतिहासही रंजक आहे, पण तिच्यातून गोळी झाडू नका. कुठल्या लोखंडातून काय घडवलंय हे कोणी सांगू शकत नाही. टोकाला टोक लावलेले दोन बाण दिसले तर घाबरू नका. ती सरकारी सेवेतून विकून टाकल्याची अधिकृत खूण आहे.

बाजारात आलेल्या मार्टिनींचा एक मोठा साठा नेपाळचा आहे. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात, म्हणजे शस्त्रागारात, शतकभर पडून असलेली हत्यारं २००३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतली. त्यात ब्रिटिश बनावटीच्या मार्टिनी होत्या, तशाच नेपाळमध्ये हाताने घडवलेल्याही होत्या. शिवाय बाहेरून मार्टिनीसारखी दिसणारी पण आतून वेगळी असलेली गहेंद्र रायफलही त्यात होती. ब्रिटिश बनावटीची असेल आणि पुढच्या तपासण्यांतून उतरली तर चालवायला हरकत नाही. नेपाळी बनावटीची मात्र संग्रहातच शोभते. तिचे भाग एकमेकींशी अदलाबदल करता येत नाहीत आणि धातूची एकसारखी खात्री देता येत नाही.

अॅक्शन तपासताना लिव्हर वर घेतल्यावर ब्लॉक पूर्ण वर येऊन बसतो का, हाताने दाबला तर हलतो का, लिव्हर स्वतःहून खाली सुटतो का, हे पाहा. स्ट्रायकरचं, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या सुईचं, टोक गोलसर आणि गुळगुळीत हवं, ज्या भोकातून ते बाहेर येतं त्याच्या कडा खाल्लेल्या नकोत. मनगटाशी, म्हणजे दस्ता अॅक्शनला जिथे मिळतो तिथे, लाकडाला चीर आहे का हेही बघा. मार्टिनीचा धक्का चांगलाच दणदणीत असतो, तिथली चीर पहिल्याच दिवशी वाढते. हे सगळं जुन्या हत्यारांचं काम जाणणाऱ्या गनस्मिथकडून एकदा पाहून घ्याच; माझ्या लिहिण्यावर विसंबून कोणी चाप ओढू नये.

आता नळी. बहुतेक जण तोंडातून उजेड पाहतात, आत चकाकी दिसली की खूश होतात, काळपट दिसलं की नाराज. मी उलट्या अनुभवाचा माणूस आहे. काळपट, थोडे खड्डे पडलेली, पण आट्यांच्या (नळीत आतून कोरलेल्या नागमोडी खाचांच्या) कडा धारदार असलेली नळी उत्तम मारते. चकचकीत नळी मात्र तोंडाशी गजाने घासून रुंद झालेली असेल तर कितीही मेहनत घ्या, गोळ्या विखुरतात. गोळीला नळीचा शेवटचा स्पर्श तोंडाशी होतो, तिथली झीज कशानेही भरून निघत नाही.

ही झीज डोळ्यांनी कळत नाही, शिशाने कळते. नळीला हलकं तेल लावा, नळीपेक्षा किंचित मोठा शुद्ध, मऊ शिशाचा गोळा तोंडाशी ठेवा, हलक्या हातोडीने आत बसवा आणि गजाने सावकाश मागे ढकलत न्या. हात सैल सोडा आणि लक्ष द्या: कुठे अडतो, कुठे अचानक सुळकन सरकतो. सुळकन सरकला ती जागा फुगलेली किंवा झिजलेली. बाहेर आलेल्या शिशावर नळीचा आतला नकाशा उमटलेला असतो. तो मोजताना एक अडचण येते. या रायफलीच्या आट्या अलेक्झांडर हेन्रीच्या; त्याच्या रायफलिंगला, म्हणजे आट्यांच्या रचनेला, सात खाचा आहेत, म्हणजे विषम. एका बाजूला खाच असते तिच्या बरोबर समोर उंचवटा येतो आणि साध्या मायक्रोमीटरने खाचेपासून खाचेपर्यंतचा व्यास मिळतच नाही. यावर सोपा उपाय आहे. पातळ पितळी पत्र्याची पट्टी शिशाभोवती घट्ट गुंडाळा, तिच्यावरून मोजा आणि पट्टीची जाडी दोनदा वजा करा. काडतुसाच्या नावात (.५७७/४५०) ४५० असलं तरी मार्टिनीच्या खाचांच्या तळाशी व्यास बऱ्याचदा ०.४६५ इंच किंवा त्याहून जास्त निघतो. पुस्तकातला आकडा पाहून ०.४५८ ची तयार गोळी आणणाऱ्याला म्हणूनच ही रायफल 'मारतच नाही'. दोष रायफलीचा नसतो, गोळी नळीत नुसती खुळखुळत जाते.

चेंबरचाही साचा काढा. त्यासाठी बिस्मथ असलेला एक मिश्रधातू मिळतो, तो उकळत्या पाण्यापेक्षाही कमी तापमानाला वितळतो. चेंबर स्वच्छ करून, पुढे नळीत कापडाचा बोळा बसवून तो ओता. थंड होताना तो आधी आकसतो, म्हणून सहज बाहेर येतो. मग हळूहळू पुन्हा फुगतो आणि तासाभराने चेंबरच्या मापाला येतो. मोजमाप त्या वेळी घ्यायचं. हे दोन आकडे, खाचांचा व्यास आणि चेंबरचा गळा, एका चिठ्ठीवर लिहून रायफलीबरोबर ठेवा. पुढचं सगळं त्यांच्यावरून ठरतं.

मूळ मार्टिनी काडतुसात ८५ ग्रेन (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) काळी दारू आणि कागद गुंडाळलेली ४८० ग्रेनची गोळी होती. तिची पुंगळी सुरुवातीला पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली असे. आजच्या ओढीव पितळी पुंगळीच्या भिंती जाड असल्याने आत तेवढी दारू मावत नाही, आणि मावली पाहिजे असंही काही नाही. २४ बोअरच्या पितळी शॉटगन पुंगळ्यांना डायमधून (आकार देणाऱ्या पोलादी साच्यातून) काढून, गळा आवळून अनेक जण मार्टिनीच्या पुंगळ्या बनवतात. काम किचकट आहे, पण एकदा जमलं की त्या वर्षानुवर्षं पुरतात. एक नियम मात्र मोडायचा नाही: काळ्या दारूच्या आणि गोळीच्या मध्ये हवेची पोकळी राहता कामा नये. पोकळी राहिली तर नळीला किंवा चेंबरला फुगवटा येऊ शकतो. दारू कमी घालायची असेल तर उरलेली जागा वॅड (दारू आणि गोळीमधली चकती) किंवा फिलरने पूर्ण भरायची.

दारू पुंगळीत ओतताना दोन-अडीच फूट लांबीच्या पितळी नळीतून बारीक धारेने सोडा. दाणे एकमेकांत नीट बसतात आणि त्याच पुंगळीत थोडी जास्त दारू, सारख्या घनतेने मावते. वर पुठ्ठ्याचं किंवा वनस्पतिजन्य धाग्याचं वॅड. किंचित दाबायची असेल तर ती वेगळ्या दाबणीने दाबा, गोळीनेच रेटू नका. मऊ शिशाची गोळी तिथेच चेपते. दाण्याच्या बाबतीत, मोठ्या पुंगळीला भरड दाणा मानवतो, बारीक दाणा झपाट्याने पेटतो. आणि दारू हाताळण्याची शिस्त: मूळ डब्यातच साठवा, टेबलावर लागेल तेवढीच काढा, जवळपास विस्तव, सिगारेट किंवा ठिणगी उडेल असं काहीही नको. धूरविरहित दारूपेक्षा काळी दारू ठिणगीने कितीतरी सहज पेट घेते.

आता मूळ विषयाकडे येतो. काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भागाचा वायू होतच नाही, तो घनरूपात राहतो: पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. थोडा धुरात जातो, उरलेला नळीच्या भिंतीला बसतो. ही काजळी हाताळणं म्हणजेच या रायफली चालवणं. गोळीचा मिश्रधातू, कागद, मेण, दोन गोळ्यांमध्ये काय करायचं हे सगळं या एकाच गोष्टीभोवती फिरतं. दमट हवेत काजळी मऊ, ओलसर राहते आणि पुढची गोळी ती बरोबर ढकलत नेते. कोरड्या, तापलेल्या दुपारी तीच काजळी करपलेल्या दुधासारखी नळीला चिकटून कडक होते. चौथी-पाचवी गोळी तिच्यावरून खरवडत जाते, शिसं सोडते आणि नेम बिघडतो. सकाळी छान मारणारं काडतूस दुपारी 'बिघडलं' असं वाटतं त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

त्यावरचा पहिला उपाय म्हणजे मेणाचं वंगण. मधमाशीचं मेण आणि त्यात जनावराची चरबी, लॅनोलिन किंवा वनस्पती तेल, यांचं मिश्रण काजळी मऊ ठेवतं. खनिज तेलाची वंगणं टाळा, काळ्या दारूत त्यांचा डांबरासारखा चिकटा होतो. मार्टिनीच्या मूळ काडतुसात गोळीच्या मागे मेणाची चकती ठेवलेली असे, ती उगीच नव्हती. वंगण पुरतंय की नाही ते नळीचं तोंडच सांगतं. काही गोळ्या झाल्यावर तोंडाच्या कडेवर आट्यांच्या जागी ओलसर, चमकदार चांदणीचा आकार उमटायला हवा. तो कोरडा, राखाडी दिसला आणि शेवटच्या काही इंचांत बोळा खरखरायला लागला तर वंगण वाटेतच संपलं असं समजा. लांब नळीत आणि कोरड्या हवेत हे हमखास होतं.

दुसरा उपाय श्वास. फुंकनळी म्हणजे एका टोकाला काडतुसाच्या आकाराचा तुकडा बसवलेली रबरी नळी. गोळी झाडली, ब्लॉक उघडला, पुंगळी काढली, चेंबर रिकामं आहे हे पाहिलं, की ती चेंबरमध्ये बसवायची आणि तीन ते पाच सावकाश, खोल उच्छ्वास सोडायचे. जोरात फुंकायचं नाही. उद्देश हवा ढकलण्याचा नाही, छातीतली ऊब आणि ओल काजळीत मुरवण्याचा आहे. नंतर तोंडाच्या कडेला बोट लावून पाहा, दमट लागलं पाहिजे. हवा कोरडी असेल तर श्वास वाढवा, दमट असेल तर कमी करा. एकदा आकडा ठरला की त्या दिवसभर तो बदलू नका, कारण नळीची अवस्था प्रत्येक गोळीला सारखी मिळणं हेच साधायचं असतं. काही जण त्याऐवजी प्रत्येक गोळीनंतर ओला आणि मग कोरडा बोळा फिरवतात. कागदी गोळीला मी हीच पद्धत पसंत करतो, तिथे फुंकणं पुरत नाही.

कागदी गोळीविषयी थोडं जास्त लिहितो, कारण मार्टिनी मुळात तिच्यासाठीच बनली. शिसं आणि कथील यांचं मिश्रण मूळ गोळीत बारास एक होतं. आज लोक सोळास एक ते तीसास एक वापरतात. अँटिमनी असलेलं कडक शिसं नको. काळ्या दारूचा पहिला ठोसा बसताच गोळी मागून फुगून खाचा भरते, ती फुगण्याइतकी मऊ असायलाच हवी. कागद पातळ, चिवट, शुद्ध सुती लगद्याचा. त्याची पट्टी तिरक्या टोकांची कापायची, पाण्यात भिजवायची आणि गोळीभोवती बरोबर दोन वेढे घ्यायचे. टोकं एकमेकांवर चढू द्यायची नाहीत आणि त्यांच्यात फटही ठेवायची नाही. बुडाशी उरलेली शेपटी पिळून किंवा दुमडून बसवायची. कागद वाळताना आकसतो आणि गोळीला कातडीसारखा बसतो. नीट झालेली गोळी बोटांत फिरवली तर शिवण हाताला लागत नाही.

ती नीट झाली की नाही हे लक्ष्यावर कळण्याआधी जमिनीवर कळतं. फायरिंग थांबलं आणि पुढे जायची परवानगी मिळाली की नळीच्या तोंडासमोर काही पावलांवर पडलेले कागदाचे कपटे गोळा करा. आट्यांच्या कडांनी उभे चिरले गेलेले, स्वच्छ, लांबट कपटे दिसले तर कागद नळीतून बाहेर येताच गोळीपासून सुटला, म्हणजे सगळं जमलं. कडा जळालेल्या असतील तर मागून वायू निसटतोय, वॅड किंवा गोळीचा व्यास बदला. चुरा झालेला असेल तर चेंबरच्या कडेने किंवा जुन्या काजळीने तो आधीच फाडलाय. कपटे मिळालेच नाहीत तर काही गोळ्या कागदासकटच गेल्या असण्याची शक्यता धरा. अशा गोळ्या लक्ष्यावर कुठेही पडतात. मला या सगळ्या छंदात सर्वात जास्त शिकवलं ते या कपट्यांनी.

असं सगळं जुळून आलं की या रायफली काय करू शकतात याबद्दल शंका ठेवू नका. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर अमेरिका विरुद्ध आयर्लंड असा सामना झाला, अंतरं ८००, ९०० आणि १,००० यार्ड. आयरिश संघाकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली, अमेरिकनांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. निकाल ९३४ विरुद्ध ९३१, अमेरिका तीन गुणांनी विजयी. मागून भरायची रायफल लांबवर नेम धरत नाही ही समजूत त्यानंतर फार टिकली नाही. आजही काळ्या दारूच्या काडतूस रायफलींच्या सिल्हूट स्पर्धेत लोखंडी कोंबड्या २०० मीटरवर, डुकरं ३०० वर, टर्की ३८५ वर आणि मेंढे ५०० मीटरवर असतात आणि कोंबड्यांवर तर उभं राहून, आधाराविना नेम धरावा लागतो. हजार यार्डांवर गोळी पोहोचायला जवळपास तीन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात वारा काय करतो ते वाचणं ही या खेळातली स्वतंत्र विद्या आहे, तिच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

तुम्ही सुरुवात शंभर यार्डांवर कराल आणि बहुधा तुमच्या गोळ्या लक्ष्याच्या बऱ्याच वर पडतील. बिचकू नका. या लष्करी रायफलींची साइट त्याहून लांब अंतरावरच्या माणसासाठी जुळवलेली असते. पुढची साइट घासू किंवा बदलू नका. वर टोपीसारखी बसणारी उंच साइट बनवून घ्या, काम झालं की काढून ठेवा. जे उलटवता येत नाही ते जुन्या रायफलीवर करायचं नाही, हा नियम संग्राहकाला सगळीकडे लागू.

साफसफाईत गूढ काही नाही, पण टाळाटाळ चालत नाही. काजळीतले क्षार हवेतली ओल ओढतात आणि रात्रीतून गंज धरतो. ते क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून आधी पाणी, मग तेल. ओले बोळे स्वच्छ येईपर्यंत, मग कोरडे, मग तेलाचा. मार्टिनीत मागून सरळ गज जात नाही, त्यामुळे तोंडाकडून करताना गजाला पितळी मार्गदर्शक टोपी लावा किंवा दोरीचा पुलथ्रू वापरा. नाहीतर वर सांगितलेली तोंडाची झीज तुम्हीच कराल. पाणी अॅक्शनमध्ये जाऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक बोळा फिरवा. तपकिरी आला तर सगळं परत करा. पायरोडेक्ससारखी पर्यायी दारू 'गंजत नाही' अशा भ्रमात राहू नका, तिच्यातल्या परक्लोरेटमुळे उरणारं क्लोराइड काळ्या दारूइतकंच वाईट. पुंगळ्या मैदानावरच साबणाच्या पाण्यात टाका, घरी जाईपर्यंत थांबलात तर पितळ काळं पडून खायला लागतं.

राहिला तिसरा प्रश्न, दुसरी रायफल कोणती. नेमबाजी हा मुख्य हेतू असेल तर माझी पहिली पसंती .४५-७० काडतुसाची अमेरिकन स्प्रिंगफील्ड ट्रॅपडोअर, त्यातही १८८४ चं मॉडेल, कारण त्यावरची बफिंग्टन साइट डावी-उजवीकडेही सरकते. हे काडतूस १८७३ पासून आजवर बनतंय, पुंगळ्या, डाय, साचे सगळं सहज मिळतं. धोकाही तिथेच आहे. दुकानातलं तयार .४५-७० काडतूस अनेकदा आजच्या मजबूत रायफलींसाठी भरलेलं असतं, आणि ट्रॅपडोअरसाठीची अमेरिकन उद्योगाची मर्यादा दर चौरस इंचाला २८,००० पौंडांची आहे. तिच्यात घरी भरलेली काळी दारूच घाला. विकत घेताना, कार्बाइन (आखूड रायफल) म्हणून विकली जाणारी ट्रॅपडोअर पुन्हा पुन्हा तपासा, कारण रायफली कापून कार्बाइन करण्याचा धंदा जुना आहे. रायफलीची नळी तोंडाकडे निमुळती होत जाते, त्यामुळे मध्येच कापलेल्या नळीचं तोंड खऱ्या कार्बाइनपेक्षा जाड भरतं. दस्त्याखाली गजाची खाच लाकडाने बुजवलेली दिसली की दुसरा पुरावा मिळाला.

रेमिंग्टन रोलिंग ब्लॉक दुसऱ्या क्रमांकावर. अॅक्शन साधी आणि दणकट, मागून गज घालून साफ करता येते. अनेक देशांनी ती घेतली, पण प्रत्येकाचं काडतूस निराळं, तेव्हा चेंबरचा साचा काढल्याशिवाय काहीही गृहीत धरू नका. १८७१ ची मौझर मला मनापासून आवडते, तिचं यंत्रकाम पाहत बसावं असं आहे. स्विस व्हेटर्ली १०.४ मिलिमीटरच्या रिमफायर काडतुसाची, म्हणजे ठोका बुडाच्या कडेवर बसतो. ते काडतूस आता बनत नाही आणि ती सेंटरफायर (ठोका बुडाच्या मध्यावर) करण्यासाठी मूळ बोल्ट कापणं म्हणजे चांगली वस्तू नासवणं. ती संग्रहासाठी घ्या. मूळ शार्प्स हाती लागली तर तीही जपा. स्पर्धेत वर्षभर राबवायला मोंटानाच्या बिग टिंबरमध्ये बनणारी शायलो किंवा इटलीची पेडरसोली प्रतिकृती घ्या, पोलाद आजचं असल्याने तिथे मन निश्चिंत राहतं.

कुठलीही घेतलीत तरी पॉलिश करू नका. तपकिरी पडलेला धातू, काळवंडलेलं लाकूड, दस्त्यावरचे ठसे हाच तिचा दाखला. उघडा लाल गंज तेल आणि अतिशय बारीक स्टील वूलने हळुवार काढा, लाकडाला जवसाचं तेल हातानेच पातळ चोळा, इतकंच. रायफलीबरोबर मूळ काडतुसं आली असतील तर ती झाडू नका. त्या काळच्या प्रायमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या टोपीत) पारा असे आणि पितळ आता ठिसूळ झालेलं असू शकतं, शिवाय संग्राहकांत त्यांना स्वतःचं मोल आहे.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी तुमच्याकडचा कायदा पाहा. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलं हत्यार पुरातन धरलं जातं. ब्रिटनमध्ये कालबाह्य काडतुसाची रायफल शोभेची वस्तू म्हणून परवान्याविना ठेवता येते, पण ती झाडायचा इरादा असेल तर फायरआर्म सर्टिफिकेट लागतं. बाळगणं, झाडणं आणि दारू साठवणं या तिन्हींचे नियम बहुतेक ठिकाणी वेगवेगळे असतात, म्हणून तिन्हींची लेखी विचारणा वेगवेगळी करा. तोवर शिशाचा गोळा नळीतून काढून खाचांचा व्यास आणि अॅक्शनवरचा पूर्ण मजकूर मला कळवा, म्हणजे गोळी ओतायचा साचा कोणत्या मापाचा घ्यायचा ते नेमकं सांगता येईल.